निळ्या फुलांची पिशवी

त्या चर्चच्या मंडळीत दान देण्याची एक रीत होती आणि त्या रीतीचा सगळ्यांना भारी अभिमान होता. कोणाकडे आजारपण आलं, कोणाचं काम सुटलं, कोणी एकटं पडलं, की कापडी पिशवीत खाण्याचं सामान भरायचं, ती त्यांच्या दाराच्या कडीला अडकवायची, दार वाजवायचं आणि धूम ठोकायची. देणाऱ्याचं तोंड घेणाऱ्याला दिसता कामा नये. दिसलं तर दान वाया गेलं, असं जुने पाळकसाहेब सांगून गेले होते. ते प्रभूच्या घरी गेल्यावर तर त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

घेणाऱ्यालाही आपला भाग वठवावा लागे. त्याने लगेच दार उघडायचं नाही. आतून मोठ्यांदा ओरडायचं, "थांबा! अहो, थांबा!" हेच आभार. देणाऱ्याने ते ऐकायचं आणि आणखी जोरात पळायचं. एरवी गुडघ्यांच्या नावाने कण्हणाऱ्या बायकासुद्धा पिशवी लावली की खिदळत जिने उतरायच्या. आणखी एक नियम होता. दारावर आधीच पिशवी दिसली, तर आपली लावायची नाही. दोन पिशव्या शेजारी लटकल्या की कोणाची भरलेली आणि कोणाची रिकामी हे आलं, आणि ते आलं की शेखी आली. म्हणून मुकाट्याने आपली पिशवी घेऊन परत फिरायचं.

या सगळ्या पिशव्या शिवायची ती पडदेवाली. तळमजल्यावर तिचं शिवणाचं दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. नवरा बसडेपोत मिस्त्री. पडद्यांची कापडं बेतून जे तुकडे उरत, त्यांच्या ती पिशव्या शिवून मंडळीत वाटायची. त्यामुळे कोणती पिशवी कोणाकडे गेली हे इतरांना कळायचं नाही. तिला मात्र सगळं पाठ असायचं. रस्त्याने जाताना कोणाच्या दारावर पिवळ्या पट्ट्यांची पिशवी दिसली, तर ती मनात म्हणायची, हं, बेकरीवाल्याने हात सैल सोडला म्हणायचा एकदाचा.

स्वतःसाठी तिने निळ्या फुलांचं कापड राखून ठेवलं होतं. फार सुंदर कापड. कोणा श्रीमंताच्या दिवाणखान्याच्या पडद्यांतून उरलेलं. त्यातली एक पिशवी दर शनिवारी ती घड्याळकाकांच्या दारावर लावायची.

घड्याळकाका त्याच इमारतीत, सगळ्यात वरच्या मजल्यावर एकटे राहत. समोरचं घर बंदच होतं, मालक कुठे दूर देशी. काकांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान कधीचंच मिटलेलं. बायको गेलेली, बोलणं मोजकं, चेहरा कायम उन्हात धरल्यासारखा. गुडघ्यांमुळे बरेच महिने उपासनेलाही उतरले नव्हते. अशा माणसाशी बोलायचं तरी काय? पण पिशवीला बोलावं लागत नाही. पाव, उकडलेली अंडी आणि तिने स्वतः केलेला जॅम. जॅमवर तिचा विशेष जीव. तिच्या हाताला गोडी आहे असं सगळेच म्हणत, आणि तिलाही ते खोटं वाटत नसे.

त्या शनिवारी दुपारी ती नेहमीप्रमाणे वर गेली. पिशवी कडीला लावली. दार वाजवलं आणि वळली.

"थांबा!" आतून आवाज आला. "थांबा हो! थांबा!"

आज काका रंगात आलेले दिसतात, असं तिला वाटलं. एरवी एकदा ओरडून गप्प बसणारा माणूस, आज तीनतीनदा! तिला हसू आवरेना. तोंडावर हात धरून ती जिना उतरू लागली, पण हसू बोटांमधून सांडतच राहिलं. मधल्या मजल्यावरच्या पार्लरवालीने दार किलकिलं करून पाहिलं, डोळा मिचकावला आणि दार लावून घेतलं. विचारायचं नसतं, म्हणून तिने विचारलं नाही.

पुढचा आठवडा पडदेवालीला मान वर करायला सवड नव्हती. एका नाट्यगृहाच्या पडद्याचं काम आलं होतं. मखमल एवढी जड की ती मशीनखाली सरकवायला नवऱ्याला हाताशी घ्यावं लागे. तरी दुकानात माणसं येत-जात होती आणि काकांची बातमी आपोआप कानावर येत होती. म्हणजे बातमी कसली, चांगलंच सगळं.

"वर जाऊन आलो," बेकरीवाला सहज म्हणावं तसं म्हणाला. तो पडद्याच्या कड्या घ्यायला आला होता. "म्हणजे... जाऊन आलो असं नाही. पण काकांची काळजी नको. कोणीतरी बघतंय त्यांच्याकडे."

"कशावरून?" तिने सुई दातांत धरून विचारलं.

"दारावर पिशवी आहे. चांगली गच्च भरलेली."

दोन दिवसांनी पार्लरवाली ब्लाउजला टाका घालून घ्यायला आली. "अगं, काय सुंदर पिशवी लटकलीय काकांच्या दारावर! निळी फुलं. कोणाची असेल गं?"

"विचारायचं नसतं," पडदेवाली म्हणाली आणि मान खाली घालून मखमलीत हसली. एका पिशवीने सगळ्या मंडळीचं मन निवलं होतं. तिच्या पिशवीने. त्या दिवशी तिचं मशीन जरा जास्तच वेगाने पळालं.

आता वाचणाऱ्याच्या मनात येईल, ही बाई एवढी पिशव्या ओळखणारी, कापडाच्या धाग्यावरून माणूस सांगणारी, तिच्या डोक्यात कसं आलं नाही की शनिवारी लावलेली पिशवी आठवड्याच्या मध्यावर कशी दिसते? नाही आलं. कौतुक कानात शिरलं की माणसाला दुसरं काही ऐकू येत नाही. तिला एवढंच कळलं की आपली पिशवी लोकांना आवडली.

पुढच्या शनिवारी ती नवी पिशवी घेऊन वर गेली. शेवटच्या वळणावर तिने मान उचलली आणि तिथेच पाय थबकला.

तिची पिशवी दारावर होती. तीच. तशीच. कडीला बंदाची गाठ मारायची तिची पद्धत होती, ती गाठही जशीच्या तशी.

पहिल्यांदा तिला राग आला. हे लपवण्यात अर्थ नाही. तिच्या जॅमला हातसुद्धा लावला नाही! एवढा कसला ताठा? नको होतं तर तसं सांगायचं, असं लटकवून चारचौघांत माझी शोभा कशाला करायची? मग तिला चिलटं दिसली. निळ्या फुलांवर बारीक चिलटांचा थर बसला होता आणि पिशवीच्या बुडाशी कापड ओलं होऊन काळं पडलं होतं. वास आला, तसा तिने नाकाला हात लावला.

सवयीने तिने दार वाजवलं. सवयीनेच पाय वळले, दोन पायऱ्या उतरलेसुद्धा. पण आतून "थांबा" आलं नाही. म्हणून ती थांबली.

"काका?"

काही नाही. ती परत वर आली. त्या दारासमोर वाजवून झाल्यावर ती इतका वेळ कधी उभी राहिली नव्हती. दाराचा रंग कुठे उडालाय, कडीखाली किती ओरखडे आहेत, हे सगळं ती पहिल्यांदाच बघत होती. तिने दाराला कान लावला. आत फरशीवर काहीतरी घासल्यासारखा आवाज झाला. थांबला. परत झाला. नख असावं, नाहीतर टाच.

ती जी किंकाळी फुटली, ती आपलीच आहे हे तिला नंतर कळलं. पार्लरवाली एका हाताला मेंदीसारखा रंग फासलेली, तशीच धावत वर आली. नवरा खालून पहार घेऊन आला. लाकूड जुनं होतं, पण कुलूप घड्याळकाकांनी स्वतः बसवलेलं, ते हटेना. शेवटी चौकटच फुटली.

काका न्हाणीघराच्या दारात आडवे पडले होते. एक पाय भलत्याच दिशेला वळलेला. शेजारी बादली होती आणि तोंडाशी एक टॉवेल. तो टॉवेल बादलीतल्या पाण्यात भिजवून ते चोखत होते, हे कळायला वेळ लागला. बादलीत आता तळाला ओलसरपणा तेवढा उरला होता. डोळे उघडे होते. ते डोळे आलेल्या प्रत्येकाकडे वळत होते, एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. ओळखीचं कोणी आहे का असं बघत असावेत, पण तसं कोणी त्यांना सापडत नसावं.

"जिवंत आहेत," नवरा म्हणाला. "गाडी बोलवा कोणीतरी. अगं, उभी काय राहिलीस? चादर आण!"

चादर शोधायला पडदेवाली आतल्या खोलीत गेली. भिंतीवरची घड्याळं गप्प होती, किल्ली द्यायला कोणी उठलंच नव्हतं. तिने कपाट उघडलं. कपाटात चादरी नव्हत्या. वरच्या फळीवर तिच्या पिशव्या होत्या. धुतलेल्या, इस्त्री केलेल्या, सारख्या घडीच्या, निळ्या फुलांवर निळी फुलं. परत कोणाला करायच्या ते माहीत नसलेला माणूस आणखी काय करणार? आणि खालच्या फळीवर जॅमच्या बाटल्या. रांगेने. एकाही बाटलीचं झाकण उघडलेलं नव्हतं.

चादर शेवटी पार्लरवालीने पलंगावरून ओढून आणली.

इस्पितळाच्या टेबलामागे बसलेली बाई चांगली होती, पण तिला सगळं भराभर हवं होतं.

"तुम्ही कोण त्यांच्या?"

"शेजारी."

"वय किती?"

"सत्तर... पंच्याहत्तर असेल. नक्की नाही."

"रक्तदाब? मधुमेह? कसली औषधं चालू आहेत?"

पडदेवालीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने भिंतीकडे पाहिलं.

"जवळचं कोणी? मुलगा, मुलगी, भाऊ?"

"नाही... म्हणजे माहीत नाही."

"बरं, शेवटचं त्यांना तुम्ही कधी पाहिलंत?"

या प्रश्नाला उत्तर सोपं असायला हवं होतं. दर शनिवारी ती त्यांच्या दारात जात होती. वर्षानुवर्षं. माणूस तिने कधी पाहिला होता? दार पाहिलं होतं. कडी पाहिली होती. काकांचा चेहरा शेवटचा कधी पाहिला हे तिला आठवेना, आणि आठवत नाही हे त्या बाईला सांगायला तिची जीभ रेटेना.

"आम्ही शेजारी आहोत हो," ती पुन्हा म्हणाली. पण या वेळी तो शब्द तिच्याच कानाला टोचला.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आली. वयाने लहान, थकलेली. खुब्याचं हाड मोडलंय, मूत्रपिंडांवर ताण आलाय, वाचतील की नाही हे आता सांगता येणार नाही, असं तिने सरळ सांगितलं. "मधुमेह जुना आहे. गोळ्याही इतके दिवस पोटात नाहीत. तुम्हाला माहीत होतं ना, गोड चालत नाही ते?"

पडदेवालीला सगळ्या बाटल्या एकदम दिसल्या. रांगेने, झाकणासकट. ती मटकन बाकावर बसली. नवऱ्याने पाणी आणून दिलं, ते तिने बाजूला ठेवलं.

"तो ओरडला होता हो," ती म्हणाली. मग स्वतःला सावरून, "ओरडले होते. गेल्या शनिवारी. तीनदा. आणि मी हसत खाली उतरले."

नवऱ्याने पेला उचलून परत तिच्या हातात दिला. पिशवी भरताना उकडलेली अंडी त्यानेच सोलून दिली होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. चर्च भरलेलं होतं, पण गीत कोणाच्या गळ्यातून नीट निघेना. बातमी तोवर घरोघर पोचली होती. त्या दिवसाच्या प्रवचनाचा विषय बाहेरच्या फळ्यावर आठवडाभर आधीच खडूने लिहिलेला होता, शेजाऱ्यावर आपल्यासारखीच प्रीती. पुसायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, नाहीतर धीर झाला नव्हता.

नवे पाळकसाहेब तरुण होते, हसतमुख होते. आज चेहऱ्यावर हसू नव्हतं. ते प्रवचनाचे कागद घेऊन उभे राहिले, आणि मग ते कागद त्यांनी पालथे घातले.

"आपल्या रीतीप्रमाणे हे विचारायचं नसतं," ते म्हणाले. "मी आज विचारणार आहे. या आठवड्यात काकांच्या दारापर्यंत कोण कोण गेलं होतं? हात वर करा."

कोणी हलेना. पाळकसाहेबांनी स्वतःचा हात वर केला.

"मी मंगळवारी गेलो होतो," ते म्हणाले. "पिशवी दिसली, म्हणून परत फिरलो. आतून आवाज आला होता. बारीक. थांबा, असा. मला वाटलं, पावलं ऐकून रीतीप्रमाणे म्हणतायत. मी..." त्यांनी घसा खाकरला. "मला बरं वाटलं होतं ते ऐकून."

मग बेकरीवाल्याचा हात वर गेला. मग पार्लरवालीचा, नखं अजून रंगलेली. मग शाळेतल्या बाई, त्यांच्यामागे त्यांचा मुलगा, मग पेटी वाजवणारे आजोबा. एकेक करत हात वर जात होते, पुढच्या बाकांवरून मागच्या बाकांकडे, आणि लोक माना वळवून एकमेकांचे हात बघत होते. बघता बघता अर्ध्याहून जास्त चर्च हात वर करून बसलं होतं. एवढी माणसं! एवढी माणसं प्रेमाने, हातात भरलेल्या पिशव्या घेऊन तो जिना चढली होती. एकाही माणसाने दार उघडेपर्यंत वाट पाहिली नव्हती.

"पण पिशवी होती ना दारावर!" बेकरीवाला एकदम ओरडला. त्याचं तोंड लाल झालं होतं. "मी पाव घेऊन गेलो होतो, ताजा पाव! पिशवी नसती तर मी दार ठोठावलंच असतं की नाही?"

"निळ्या फुलांची," शाळेतल्या बाई म्हणाल्या.

"हो, निळ्या फुलांची! मीही तीच पाहिली."

"मीसुद्धा."

"म्हणजे सगळ्या दिवसांत ती एकच..."

हे वाक्य कोणी पुरं केलं नाही. पण ते बाकाबाकावरून फिरलं, आणि ज्याच्या त्याच्या डोक्यात पुरं झालं. मग मागून कोणीतरी तो प्रश्न विचारला, जो त्या चर्चमध्ये कधीच कोणी विचारला नव्हता.

"कोणाची होती ती?"

पडदेवालीच्या गुडघ्यावर नवऱ्याचा हात आला. दाबला. गप्प बस, असा तो हात म्हणत होता. आणि गप्प बसणं अगदीच सोपं होतं. पिशव्या सगळ्यांकडे होत्या, कापडाची ओळख एकट्या तिलाच. रीतही तिच्याच बाजूची. देणाऱ्याचं तोंड दिसू नये. जन्मभर तिने ही रीत पाळली होती, आज एकदा आणखी पाळायची, बस्स. तिच्या दुकानात उद्याही लोक आले असते, तिच्या हाताच्या गोडीबद्दल बोलले असते.

ती उठली.

"माझी," ती म्हणाली.

कोणी तिच्यावर धावून आलं असतं तर बरं झालं असतं. पण तसं झालं नाही. उलट बाकांवरचे खांदे सैल पडले, कोणीतरी लांब श्वास सोडला. हात एकेक करत खाली आले. पडदेवालीला ते स्पष्ट दिसलं. लोकांना हायसं वाटत होतं.

"अगं, तू तरी मध्ये जाऊन बघायचंस ना," पार्लरवाली हळहळून म्हणाली. "तुझीच पिशवी, तुला कळायला हवं होतं."

"हो. मला कळायला हवं होतं," पडदेवाली म्हणाली. "आणि तू त्यांच्या पायाखाली राहतेस."

पार्लरवालीचं तोंड पांढरं पडलं. पाळकसाहेब काहीतरी म्हणत होते, बसा, सगळे बसा, आपण प्रार्थना करू. पडदेवाली बसली नाही. बाकांमधून वाट काढत ती बाहेर पडली. मागे प्रार्थना सुरू झालेली तिने ऐकली. प्रार्थनेत काकांना बरं करण्याचं मागणं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच भीती वाटली.

इस्पितळात काका जागे होते. नाकाला नळी, हाताला सुई, पाय वजन लावून ताणलेला. ती पलंगाजवळ उभी राहिली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, तिला पळून जावंसं वाटलं. खरंच वाटलं. पायांना तेवढंच शिकवलेलं होतं.

"तळमजल्यावरच्या," काका म्हणाले. आवाज कागद चुरगळल्यासारखा. "मशीनवाल्या."

"हो."

"रोज कोणीतरी यायचं." ते थांबून थांबून बोलत होते. "पावलं दारापर्यंत यायची. मी हाक मारायचो. 'थांबा'च्या पुढचं बोलायला दम पुरायचा नाही. पावलं उतरायची. आधी वाटलं, मदत आणायला गेले. मग दुसरं कोणी यायचं. परत तसंच." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "पहिल्या दिवशी कोणीतरी हसत गेलं. मला वाटलं, आता आपलं डोकं फिरलं. माणूस असं हसेल का?"

"मी होते ती."

काकांनी डोळे मिटले. ती वाट बघत राहिली. शिवी द्यावी, तोंड फिरवावं, परिचारिकेला बोलावून हिला बाहेर काढा म्हणावं, यातलं काहीही तिला चाललं असतं. शेजारच्या पलंगावर कोणीतरी खोकत होतं.

"काय होतं पिशवीत?" काकांनी विचारलं.

"काय?"

"पडल्या पडल्या वास यायचा. आधी ताज्या पावाचा. मला वाटायचं, पाव आहे, आणि अजून काहीतरी आहे. काय असेल ते ओळखत बसायचो. वेळ जायचा." त्यांनी डोळे उघडले. "मग कुजका यायला लागला."

"पाव," ती म्हणाली. तिला रडू फुटलं होतं आणि ती ते पुसत नव्हती. "अंडी. आणि जॅम."

"जॅम." काकांच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "मला चालत नाही तो."

"काल कळलं."

"इतकी वर्षं देताय. एकदा विचारायचं."

"विचारायचं नसतं आपल्यात," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला आपले शब्द ऐकू आले.

घंटा झाली. भेटीची वेळ संपली, चला, असं म्हणत शिपाई दारातून डोकावला. लोक उठू लागले. पडदेवाली डोळे टिपत वळली. कोणी निघा म्हटलं की निघायचं, वळलं की भरभर चालायचं, हे तिच्या पायांत भिनलेलं होतं. ती दारापाशी पोचलीसुद्धा, एक पाऊल बाहेर पडलंही.

"थांबा."

आवाज फार मोठा नव्हता. खोकल्यात सहज बुडून गेला असता. तिचा उंबऱ्याबाहेरचा पाय तसाच राहिला. मग तिने तो आत घेतला आणि ती पलंगापाशी परत आली.

"काय काका? दुखतंय का? डॉक्टरांना बोलावू?"

काकांनी मान हलवली. ते तिच्याकडे बघत नव्हते, छताकडे बघत होते. चेहरा लाल झाला होता. परिचारिका लांब कोपऱ्यातल्या पलंगापाशी अडकली होती.

"लघवी लागली आहे," ते म्हणाले. "भांडं पलंगाखाली आहे. मला उठता येत नाही."

शिपाई दारात परत आला. "ओ बाई, वेळ संपली. तुम्ही कोण यांच्या?"

पडदेवालीने त्याला उत्तर दिलं नाही. ती गुडघे टेकून पलंगाखाली वाकली आणि हाताने भांडं चाचपू लागली.